डोंगर हीच खाण: नाशिकच्या काळ्या दगडाची दोन हजार वर्षं

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं जातं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले एकदोन मुद्दे इथे जोडलेत, बाकी बोली तशीच ठेवली आहे.

मागच्या भागात आपण राजस्थानात, अरवलीच्या कोरड्या डोंगरांत फिरून आलो. उदयपूरजवळच्या जावरच्या खाणी पाहिल्या, जिथे दोन हजार वर्षांपूर्वीपासून माणसं जमिनीखाली उतरत होती आणि पुढे मातीच्या मुशींमधून जस्त गाळत होती. खेत्रीचं तांबंही पाहिलं. तो भाग ऐकून बऱ्याच जणांनी साधारण एकच प्रश्न विचारला: "हे सगळं ठीक आहे, पण आपल्या नाशिकच्या डोंगरांत काय आहे? आपल्याकडे खाणी नव्हत्याच का?"

उत्तर थोडं गमतीचं आहे. नाशिकच्या डोंगरांत खणून काढण्याजोगं सोनं नाही, तांबं नाही, जस्त नाही, कोळसाही नाही. तरीही इथे दोन हजार वर्षं खोदकाम चालू आहे आणि आज ते पूर्वी कधी नव्हतं एवढ्या वेगाने चाललं आहे. कारण इथे जे खनिज आहे, ते डोंगराच्या पोटात लपलेलं नाही. डोंगर हेच खनिज आहे. जावरला जस्ताचा दगड काढून नेला, तरी डोंगर आतून पोकळ होऊन का होईना, उभा राहिला. आपल्याकडे खनिज नेलं म्हणजे डोंगरच नेला. आजचा सगळा भाग या एका फरकाबद्दल आहे.

एक जिल्हा, दोन मुलुख

आधी जागा समजून घेऊ. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला इगतपुरी. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला या, म्हणजे येवला, नांदगाव, सिन्नरचा पूर्व भाग. इथे पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक "यंदा बरा झाला" म्हणतात. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात आणि पलीकडे नुसती सावली देत जातात. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

या कोरड्या पट्ट्यातून सातमाळा रांग जाते. सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, राजधेर, इंद्राई, चांदवड आणि शेवटी मनमाडजवळ अंकाई-टंकाई. मनमाडहून रेल्वेने जाताना खिडकीतून दिसणारी हडबीची शेंडी बऱ्याच जणांच्या ओळखीची असेल. एप्रिल-मेमध्ये इथे आलात तर वाळलेलं पिवळं गवत, त्यावर उभे काळे कडे आणि मधूनमधून निवडुंग. पुस्तकी व्याख्येने हे वाळवंट नाही. पण मे महिन्यात टँकरच्या मागे हंडे घेऊन पळणाऱ्या बाईला व्याख्येशी काय करायचंय?

थरावर थर

आता दगडाकडे येऊ. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि भेगांमधून लाव्हा वाहू लागला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, मध्ये काही काळ जायचा, मग त्यावर दुसरा थर. असं करत लाखो चौरस किलोमीटरचं दख्खनचं पठार तयार झालं. हा दगड म्हणजे बेसाल्ट, आपल्या बोलीत काळा पाषाण.

प्रत्येक थराची एक ठरलेली रचना असते. मधला भाग भरीव, कठीण, घणाचा घाव बसला की खणखणणारा. वरच्या भागात लाव्ह्यातल्या वायूंचे फुगे अडकलेले, त्यामुळे तो सच्छिद्र आणि लवकर झिजणारा. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, खालच्या थराचा माथा उघडा पडून कुजला त्याची ती खूण. कठीण भाग कड्यासारखा उभा राहतो, मऊ भाग उताराचा होतो. म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. दख्खन ट्रॅप या नावातला 'ट्रॅप' हा शब्दसुद्धा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय.

ही रचना लक्षात ठेवा. पुढे पाण्याचं बोलू तेव्हा लागणार आहे.

आणि ते फुगे? ते रिकामे राहिले नाहीत. हजारो-लाखो वर्षं त्यांत खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट अशी त्यांची नावं. कुठे मोरपिशी-हिरवे, कुठे फिक्या गुलाबी पाकळ्यांसारखे, कुठे सुयांच्या पांढऱ्या झुपक्यासारखे. पांडवलेणीच्या आसपासच्या दगडखाणींतून निघालेले नमुने जगभरच्या संग्राहकांकडे गेले आहेत. सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचं संग्रहालय याच स्फटिकांचं आहे. मुलांना घेऊन एकदा जाच. फक्त तिथे एक गोष्ट मनात ठेवा: यातले बहुतेक नमुने विहीर खणताना, रस्ता कापताना किंवा खाणीत सुरुंग उडाल्यावरच माणसाच्या नजरेला पडले. डोंगर फोडला नसता तर हे सौंदर्य दिसलंच नसतं. म्हणजे 'खाण वाईट, डोंगर चांगला' एवढ्यावर विषय संपत नाही.

जेव्हा पोकळी हवी होती

नाशिकमधलं सगळ्यात जुनं मोठं खोदकाम म्हणजे पांडवलेणी. प्राचीन नाव त्रिरश्मी. चोवीस लेणी, आणि सुरुवात इसवी सनाच्या आधीची. आपण तिथे जातो, मूर्ती आणि शिलालेख बघतो. पण खाणकामाच्या नजरेने कधी बघितलंय का? हे लोक डोंगरातून शेकडो घनमीटर दगड काढत होते आणि त्यांना तो दगड नको होता! त्यांना हवी होती ती दगड काढल्यावर उरलेली जागा. निघालेला दगड हा राडारोडा, आणि पोकळी ही वस्तू.

पोकळी हवी असली की खोदण्याची पद्धतच बदलते. भेग कुठे आहे, छत पेलेल का, पाणी कुठून झिरपतं, हे आधी बघावं लागतं. एक घाव जास्त बसला तर खांब गेला. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात, त्याचा शिलालेख दहाव्या लेण्यात आहे. त्यात लेण्याबरोबर 'पोढी' कोरवल्याचा उल्लेख येतो. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. म्हणजे डोंगर कोरला तेव्हा राहण्याची सोय आणि पाण्याची सोय एकत्रच केली. एवढंच नाही. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर गरजांचा खर्च भागावा म्हणून. खोदून झाल्यावर पुढचं कोण बघणार, याची तजवीज दगडातच लिहून ठेवलेली.

तीच दृष्टी किल्ल्यांवर दिसते. हरिहरचा कातळात कोरलेला उभा जिना तुम्ही समाजमाध्यमांवर हजार वेळा पाहिला असेल. पण त्याहून मोठं काम म्हणजे सातमाळेतल्या जवळजवळ प्रत्येक किल्ल्यावर असलेली पाण्याची कोरीव टाकी. खाली गाव तहानलेलं असताना वर टाक्यात पाणी असतं, ते उगाच नाही. कुठल्या थरातून पाणी पाझरतं हे ओळखून तिथेच टाकं खोदलेलं असतं.

याच डोंगरांनी उलटंही पाहिलं. १८१८ मध्ये त्र्यंबकगड इंग्रजांच्या हाती गेला आणि या भागातले बाकीचे किल्लेही भराभर पडले. पुन्हा कुणी वर चढून बसू नये म्हणून अनेक ठिकाणचे जिने सुरुंग लावून उडवले गेले. पिढ्यान्पिढ्या टाकीने कोरलेलं काम दारूने काही क्षणांत संपू शकतं, हे इथल्या कड्यांनी तेव्हा बघितलं.

जेव्हा दगड हवा होता

अर्थात दगडासाठी दगड काढणंही जुनंच. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर यादवकाळातलं. नाशिकचं काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकरांनी बांधवलं, आणि त्याचा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला असं सांगतात. घरोघरची जाती, पाटे-वरवंटे, उखळ, वाड्यांच्या जोत्यांचे चिरे, सगळं इथलंच.

हे काम करणारे लोक म्हणजे वडार, बेलदार आणि पाथरवट. घण, सुतकी, पहार, छिन्नी, टाकी एवढीच हत्यारं. चांदवडच्या बाजूला एका म्हाताऱ्या वडारमामांशी माझ्या गप्पा झाल्या होत्या. ते म्हणाले, "दादा, दगडाला आधी ऐकायचं. हातोडी मारली की खण्ण वाजला तर तो एकसंध. बद्द वाजला तर आत भेग हाय, त्याला हात लावू नका." असा एकेक चिरा ऐकून, बघून काढायचा म्हणजे दिवसाला किती निघणार? वेगावर मर्यादा होती ती माणसाच्या दंडाची. डोंगराला तेवढी सवड मिळत होती.

ती मर्यादा पहिल्यांदा रेल्वेने ताणली. १८६५ मध्ये थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून गाडी इगतपुरीला चढली. बोगदे, पूल, बंधारे आणि रुळांखालची मैलोन्‌मैल खडी. दगडाचा आकार, नक्षी, आवाज यांचं महत्त्व संपलं आणि फक्त माप उरलं. खडीला चेहरा नसतो, तिचे फक्त ब्रास असतात.

आजची खाण

आज ही खाण कशी चालते ते थोडक्यात बघू. आधी वरची माती आणि मुरूम पोकलेनने बाजूला करतात. कठीण दगड लागला की यंत्राने ओळीत भोकं पाडायची, स्फोटकं भरायची, सुरुंग उडवायचा. पडलेले धोंडे डंपरने क्रशरवर. तिथे आधी लोखंडी जबडा त्यांना फोडतो, पुढे दुसरं यंत्र आणखी बारीक करतं आणि शेवटी चाळण्यांमधून वेगवेगळ्या मापांची खडी, कच आणि क्रश सँड वेगळी होते.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. नदीच्या वाळूउपशावर निर्बंध आले, चांगलंच झालं. पण बांधकाम थांबलं नाही. वाळूच्या जागी क्रश सँड आली, म्हणजे डोंगर दळून केलेली वाळू. नदीवरचा भार आपण डोंगरावर सरकवला. काँक्रीटमध्ये वजनाने साधारण चार हिश्श्यांतले तीन हिस्से दगडच असतो, खडी आणि वाळूच्या रूपात. तुमचा फ्लॅट, माझा फ्लॅट, समृद्धी महामार्ग, २०२७ च्या सिंहस्थासाठीचे रस्ते, सगळं यातूनच आलंय किंवा येणार आहे. त्यामुळे खाणवाल्याकडे बोट दाखवून आपल्याला नामानिराळं होता येत नाही.

डोंगर म्हणजे पाण्याची टाकी

आता ती थरांची रचना आठवा. माथ्यावर पाऊस पडतो. झिजलेल्या, सच्छिद्र भागातून आणि भेगांमधून पाणी खाली उतरतं. उतरता उतरता त्याला तांबड्या मातीचा पट्टा किंवा भरीव कातळ आडवा येतो. खाली जाता येत नाही, मग ते आडवं सरकतं आणि कड्याच्या बाजूने झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. पायथ्याच्या विहिरींनाही यातूनच पाझर मिळतो. जिथे पाऊस चार महिन्यांतले मोजके दिवस पडतो, तिथे डोंगर ते पाणी धरून ठेवतो आणि महिनोन्‌महिने थोडं थोडं सोडतो. पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांना याहून स्वस्त साठवण टाकी कुणी बांधून देणार नाही.

खाण हे दोन प्रकारे मोडते. माथ्यावर किंवा उतारावर काम केलं तर पाणी शोषणारा वरचा थरच निघून जातो, पाऊस सरळ वाहून जातो. आणि पायथ्याला खोल खड्डा केला तर पाणी धरणारा थर मध्येच कापला जातो. मग आजूबाजूच्या विहिरींकडे जाणारं पाणी खड्ड्यात उतरतं आणि काम चालू राहावं म्हणून पंपाने उपसून फेकलं जातं. प्रत्येक खाण असंच नुकसान करते असं मात्र नाही. भरीव कातळात, झऱ्यांपासून लांब काढलेली खाण तुलनेने निरुपद्रवी असू शकते. म्हणूनच 'कुठे' हा प्रश्न 'किती' इतकाच मोठा आहे.

गोदावरी जिथून निघते त्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी आणि बेळगाव ढग्याजवळच्या संतोषा डोंगरावर चाललेल्या उत्खननाविरुद्ध २०२१ मध्ये नाशिककर रस्त्यावर उतरले, ते याच कारणाने. अनेकांना ते नुसतं श्रद्धेचं प्रकरण वाटलं. श्रद्धा होतीच, पण प्रश्न पाण्याचा होता.

'गौण' खनिज आणि हिशोब

कायद्याच्या भाषेत दगड, मुरूम, खडी ही 'गौण खनिजं'. १९५७ च्या केंद्रीय कायद्याने यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला, आणि आपल्याकडे २०१३ पासून महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. छोट्या खाणींना पूर्वी पर्यावरण मंजुरीतून सूट मिळायची. मग मोठ्या क्षेत्राचे पाच हेक्टरच्या आतले तुकडे पाडून ती सूट घेण्याचे प्रकार सुरू झाले. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात ही वाट बंद केली. लहान पट्ट्यांनाही मंजुरी लागेल, असं सांगितलं. विनापरवाना उत्खनन केलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

आता एक छोटं गणित करू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. समजा एक हेक्टर जागेतून दहा मीटर उंचीचा डोंगर काढला. झाले एक लाख घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ हजार ब्रास. २०२१ मध्ये स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, ब्रासला ४०० वरून ६०० रुपये झाली. त्या दराने सरकारला मिळाले सुमारे २ कोटी १० लाख. दगड फुटल्यावर फुगतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा वर जाईल. त्या एका हेक्टरचा डोंगर पुन्हा कधीही तयार होणार नाही आणि त्याने दरवर्षी दिलेलं पाणी या हिशोबात कुठेच धरलेलं नाही. रॉयल्टी दगडाची आहे, झऱ्याची नाही.

माणसांचा हिशोबही असाच अर्धा राहतो. १९५२ च्या खाण कायद्यात अशी तरतूद होती की साध्या दगडाच्या उघड्या खाणीची खोली सहा मीटरच्या आत, कामगार पन्नासच्या आत आणि स्फोटकं अजिबात नसली, तर बहुतेक कलमांतून सूट. याचा दुसरा अर्थ असा, की जिथे सुरुंग उडतो तिथे ही सूट नव्हती. तिथे सुरक्षेचे नियम, प्रशिक्षित माणूस, कामगारांची नोंद, सगळं हवं. तुमच्या आसपासच्या खाणीत ते आहे का, हे विचारण्याचा हक्क तिथे काम करणाऱ्यांना आहे, गावालाही आहे.

मग करायचं काय?

'सगळ्या खाणी बंद करा' म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं बोलणं होईल. घरं, रस्ते लागणारच आहेत. माझ्या मते तीन गोष्टींवर आग्रह धरता येईल.

एक, पट्टा देण्याआधी पाण्याचा नकाशा. त्या डोंगरावर झरे कुठे आहेत, कुठल्या थराला पाणी आहे, खाली कुणाच्या विहिरी आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम जाणते, आणि गावातली जुनी माणसं तर तोंडपाठ सांगतात. ही माहिती ग्रामसभेत उघड मांडली गेली पाहिजे.

दोन, खोदून झाल्यावरचं काय, ते आधी ठरवायचं. खड्डा भरायचा की त्याचं तळं करायचं, कडा सुरक्षित कोण करणार, कुंपण कोण घालणार. पावसात भरलेल्या सोडून दिलेल्या खाणीत पोहायला गेलेली पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे खाणबाधित भागासाठी पैसे जमा होतात. त्यातले आपल्या गावाला किती आले, हे विचारा. उषवदाताने लेण्यासाठी ठेव ठेवली होती, तशीच ही ठेव आहे. फक्त तिचा हिशोब कातळावर कोरलेला नाही, तो मागावा लागतो.

तीन, जुनं बांधकाम पाडल्यावर निघणारा मलबा. तो दळून त्याची खडी आणि वाळू करता येते, निदान रस्त्याच्या भरावाला आणि फरशीच्या ठोकळ्यांना. नाशिकमध्ये जुने वाडे आणि सोसायट्या पाडून नवीन इमारती उभ्या राहतायत, आणि तो मलबा गावाबाहेरच्या नाल्यात जातोय. जो डोंगर आपण एकदा फोडलाय, तोच आधी वापरून संपवूया.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर गेलात की शहर समोर पसरलेलं दिसतं. एका हाताला कोरून जपलेला डोंगर आणि समोर दळून बांधलेलं शहर. दगड एकच. पहिल्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या टाक्यांत पावसाळ्यानंतर अजून पाणी साचतं. दुसऱ्याला पाणी कुठून मिळत राहणार, ते आपण आता कुठे आणि कसं खोदतो यावर ठरेल.

तुमच्या गावाजवळ एखादी जुनी खाण असेल, तिचं पुढे काही चांगलं झालं असेल किंवा झरा आटला असेल, तर नक्की लिहून कळवा. शक्य झालं तर गावातल्या जुन्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करूनच पाठवा, पुढच्या एखाद्या भागात तो सगळ्यांना ऐकवू. भेटू पुढच्या भागात. तोवर, नमस्कार!